अकरा दिवसांचे अध्यक्ष

नगराध्यक्षांच्या दालनाबाहेर एक टेबल असतं आणि त्या टेबलामागे बसलेल्या माणसाला लोक पीए म्हणतात. आमच्या पालिकेत पीए असं पदच मंजूर नव्हतं. कागदोपत्री मी वरिष्ठ लिपिक, पण एका अध्यक्षांनी मला तिथे बसवलं आणि पुढच्यांनी उठवलं नाही. अशी माझी नोकरीची बरीच वर्षं त्या दाराशी गेली.

पालिका कोणती ते लिहीत नाही. उल्हासनगर मागे टाकलं की पुढे जी दोन गावं लागतात, त्यांतली एक. दोन्हीकडची मंडळी हे वाचून म्हणतील की ही आमची नव्हे, शेजारची. मी स्वतः उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतो, तेव्हा दोन्हीकडे मी सारखाच बाहेरचा.

अध्यक्ष म्हणजे गावाचा राजा, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात अध्यक्ष सभा बोलावतो, सभेत वरच्या खुर्चीवर बसतो, मतं बरोबरीत आली तर आपलं निर्णायक मत टाकतो आणि कामावर देखरेख ठेवतो. गटार काढायला माणसं पाठवणं, परवानग्या, नोटिसा हे सगळं मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं चालतं. लग्नघरात नवरदेव आणि आचारी असतात ना, तसं. जेवण आचाऱ्यानं रांधलेलं असतं, पण वरणात मीठ कमी पडलं की पाहुणे नवरदेवाकडे बघतात.

आणि ते नवरदेवापर्यंत पोचायच्या आधी माझ्याकडे यायचे. एका बाईंना शेजारच्या कोंबड्याला नोटीस हवी होती, तो पहाटे तीनलाच आरवतो म्हणून. मी म्हटलं, नोटीस मालकाला देता येईल. त्या म्हणाल्या, "मालक बिचारा चांगलाय हो." एक गृहस्थ वांगणीहून यायचे, त्यांच्या गल्लीतला दिवा लागत नाही म्हणून. मी दर वेळी सांगायचो की वांगणी आमच्या हद्दीत येत नाही. शेवटी ते वैतागून म्हणाले, "मग हद्द वाढवा ना! तुमच्या हातात काहीतरी आहे की नाही?"

अशा सगळ्यांसाठी माझ्याकडे एक औषध होतं. "तुमची फाइल वर गेलीय." वर म्हणजे कुठे, हे कुणी विचारत नसे. इमारत एकमजली होती, तरीही.

अध्यक्ष थेट लोकांतून निवडायची पद्धत आली त्या सुमाराला आमचं अध्यक्षपद महिलांसाठी राखीव झालं आणि सुमनताई कांबळे निवडून आल्या. नगरसेवकांमध्ये त्यांच्या बाजूचे थोडे, विरुद्ध बाजूचे जास्त. म्हणजे गावानं नवरी एका घरातून आणली आणि वऱ्हाड दुसऱ्या घरातून. सुमनताईंचा नवरा कारखान्यात कामाला. त्या स्वतः घरी शिलाई करायच्या. आमच्या कॅम्प चारमधल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून नाइटीचे कापलेले तुकडे आणायच्या आणि शिवून द्यायच्या.

पहिल्या दिवशी दालनात हारतुऱ्यांची रांग लागली. रांगेत हे शेठजी, हातात मिठाईचा पुडा. आत जाऊन त्यांनी वाकून नमस्कार केला.

"मॅडम, मुबारक हो! पूरे कॅम्प का नाम रोशन किया." मग इकडेतिकडे बघत आवाज खाली आणून, "वो दो डझन पीस बाकी है. सीझन है, मॅडम."

"शेठ, शनिवारी मिळतील," सुमनताई म्हणाल्या. "लेस पिवळी लावायची ना?"

"पिवळी, पिवळी," म्हणत शेठजी बाहेर पडले आणि त्यांच्या मागच्या नगरसेवकाला वाटलं की हा काहीतरी मोठ्या टेंडरचा सांकेतिक शब्द आहे. तो पुढे महिनाभर मला विचारत होता, "गायकवाड, पिवळी म्हणजे नक्की काय?"

शनिवारी पीस पोचले. नंतर मात्र ताईंनी शिलाई बंद केली. पण कात्री त्यांच्या पर्समध्ये कायम असायची. उद्घाटनाला ताटात ठेवलेल्या कात्रीनं रिबन कधी कापली जात नाही, हे सगळ्या अध्यक्षांचं दुःख. माझ्या डोळ्यांदेखत एका अध्यक्षांनी रिबन शेवटी दातांनी तोडली होती. ताई आपली टेलरिंगची कात्री काढायच्या, खच्‌ करून एक घाव, आणि फोटोग्राफर म्हणायचा, "मॅडम, जरा हळू, फोटो राहिला."

दालनात अध्यक्षांच्या खुर्चीमागे सागवानी पाटी होती. पालिका स्थापन झाल्यापासूनच्या सगळ्या अध्यक्षांची नावं सोनेरी अक्षरांत. पेंटर येऊन ताईंचं नाव लिहून गेला आणि लगेचच्या सोमवारी साडेदहाला धर्मा आप्पा शेलार माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

आप्पा ऐंशीच्या घरातले. पालिकेच्या हद्दीतच, पण अगदी टोकाला, जुन्या गावठाणात राहायचे. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात काठी. गेली सात वर्षं दर सोमवारी ते यायचे आणि त्यांचं एकच मागणं असायचं.

"गायकवाड, नवीन नाव लिवलं म्हनं. माझं लिवलं का?"

आप्पांचं म्हणणं असं, की पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी ते उपाध्यक्ष असताना तेव्हाच्या अध्यक्षांनी भांडून राजीनामा दिला. नवे अध्यक्ष निवडले जाईपर्यंत अकरा दिवस कारभार आप्पांनी पाहिला. मग ते अध्यक्ष होते की नाही? होते. तर मग पाटीवर नाव का नाही? आजवरच्या अध्यक्षांनी "बघू" म्हटलं होतं आणि त्या "बघू"ची अंमलबजावणी माझ्याकडे होती.

मी सवयीनं म्हटलं, "आप्पा, फाइल वर गेलीय."

"कुठली फाइल?" आतून आवाज आला. ताई दार उघडं ठेवून बसायच्या. शिवणयंत्राच्या आवाजात दारावरची थाप ऐकू येत नाही, म्हणून घरीही त्यांचं दार उघडंच असायचं. मी हे विसरलो होतो.

आप्पा आत गेले. पाच मिनिटांनी ताई बाहेर आल्या. "गायकवाडभाऊ, आप्पांची फाइल मला द्या. परवा चालेल."

आप्पा माझ्याकडे बघून हसले. पण फाइल नव्हतीच. वरही नव्हती, खालीही नव्हती. त्यांचा पहिला अर्ज मी कुठल्या कपाटात कोंबला होता, तेही आठवत नव्हतं.

मी रेकॉर्ड रूमच्या तांबेबाईंना गाठलं. ही खोली गच्चीच्या जिन्याखाली होती आणि बाईंशिवाय तिथे फक्त वाळवी आत-बाहेर करू शकत असे. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सात वर्षं खोटं बोललात आणि आता दोन दिवसांत खरं करायचंय." तरीही त्यांनी पदर खोचला. दोन दिवस आम्ही जुनी इतिवृत्तं आणि आदेशांच्या वह्या काढत होतो. काही वह्यांची फक्त पुठ्ठ्याची पाठ उरली होती, आतला कारभार वाळवीनं पचवलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई ओरडल्या, "सापडले तुमचे अध्यक्ष!"

आदेशांच्या वहीतलं एक पान. खाली ठसठशीत सही: ध. आ. शेलार, आणि सहीखाली, अध्यक्षांचे काम पाहणारे. तारीख बरोबर त्या अकरा दिवसांतली. मला इतका आनंद झाला की मी आदेश न वाचताच बाईंना चहा सांगितला.

"आधी वाचा," बाई म्हणाल्या.

आदेश असा होता: 'कोंडवाड्यात असलेली म्हैस एक, रंग काळा, शिंग डावे मोडके, दंड माफ करून मालकाच्या ताब्यात द्यावी.' कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं पकडून ठेवायची पालिकेची जागा. पुढच्या ओळीत मालकाचं नाव. धर्मा आप्पा शेलार.

आम्ही सगळी वही पुन्हा चाळली. अकरा दिवसांतला तेवढाच आदेश शिल्लक होता. आप्पा अध्यक्ष होते याचा पुरावा एकच, आणि तोच त्यांच्या गैरवापराचाही.

मी नवी कोरी फाइल करून ताईंपुढे ठेवली. त्यांनी आदेश वाचला, तोंडावर पदर धरून हसल्या. मग फाइल उलटीसुलटी करून बघितली.

"भाऊ, ही सात वर्षं फिरलेली फाइल? हिच्या नाडीची घडीसुद्धा मोडली नाहीये."

कापडातली घडी ओळखणाऱ्या बाईपुढे काय लपणार? मी सगळं सांगून टाकलं. ताई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"चुकीची शिलाई वरून दाबून चालत नाही," त्या म्हणाल्या. "उसवावी लागते. हे आप्पांना तुम्हीच जाऊन सांगा. म्हशीचंही विचारून घ्या. विषय सभेत ठेवला की हा कागद सगळ्यांच्या हातात जाणार. त्यांची मर्जी असेल तरच ठेवीन."

संध्याकाळी मी गावठाणात गेलो. आप्पा ओट्यावर बसले होते. सुनेनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झालं, तांब्या खाली ठेवून झाला, आता टाळायला काहीच उरलं नाही, तेव्हा मी सांगितलं.

"आप्पा, तुमची फाइल कधी झालीच नव्हती. मी खोटं सांगत होतो."

आप्पांनी काठी आडवी करून मांडीवर घेतली.

"सात वर्सं," ते म्हणाले. "दर रविवारी धोतर नीळ घालून धुवून घ्यायचो मी. सुनेला वाटायचं, म्हातारा देवळात जातो का काय. आन् तुम्ही…"

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर दोनदा खात्याची चौकशी झाली, एकदा एकानं पेपरवेट फेकून मारला. पण त्या ओट्यावर बसून मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही. मी उठायला लागलो. म्हशीचं कुठल्या तोंडानं विचारायचं ते कळेना. तरी उभ्या-उभ्याच सांगितलं की पुरावा सापडलाय, पण तो असा असा आहे.

आप्पांचे डोळे एकदम लकाकले. "सापडली का म्हैस? डावं शिंग मोडलेली?"

"तीच."

"बसा खाली. अगं ए, चा टाक!" मग माझ्याकडे वळून, "ठेवा मिटिंगमधी. मी येतो."

"आप्पा, लोक हसतील."

"हसू द्या. तुमच्यासारखं खोटं तर नाय ना."

सभेच्या दिवशी सभागृहात मागच्या बाकांवर आप्पा सर्वांत आधी येऊन बसले. धोतराला नीळ किंचित जास्त झालेली. विषय निघताच नगरसेवक दळवी उठले. विरोधी बाजूचे हे पुढारी, बोलायला पक्के. त्यांनी चष्मा लावला आणि म्हशीचा आदेश नाटकातल्या उताऱ्यासारखा वाचून दाखवला. 'शिंग डावे मोडके' याला टाळ्या पडल्या.

"अध्यक्ष महोदया," दळवी म्हणाले, "अकरा दिवसांत ज्यांनी एक म्हैस सोडवली, तीसुद्धा स्वतःची, त्यांचं नाव या थोर मंडळींच्या रांगेत लावायचं? मग म्हशीचंही लावा!"

सभागृह खदखदून हसलं. मी खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होतो. तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. आप्पा उभे राहिले होते.

ताई म्हणाल्या, "आप्पा, प्रेक्षकांना सभेत बोलता येत नाही."

दळवी रंगात आले होते. "बोलू द्या मॅडम! आमची हरकत नाही. म्हशीची बाजूही ऐकू!"

ताईंनी सभागृहाकडे पाहिलं. कुणाचीच हरकत नव्हती. "बोला आप्पा."

"म्हैस माझी व्हती," आप्पा म्हणाले. आवाज म्हातारा, पण खणखणीत. "घरी पारडू हंबरून मरायला आलं व्हतं. सही मीच केली. दंड मीच माफ केला. चुकलो. लपवत नाय. पर मी एकच म्हैस सोडली आन् तिचा कागद ठेवला. आता एक करा. ती पाटी हितं आणा. वरनं एकेक नाव वाचा. ज्याची त्याची म्हैस मी सांगतो. कोनाचा पलाट, कोनाचा ठेका, कोनाचा भाचा नोकरीला. मी सगल्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला मानूस हाय. पाटी नाय आनली तरी चालंल. मला पाठ हाय. पयलं नाव…"

पाटीवरचं पहिलं नाव समोर बसलेल्या एका नगरसेवकाच्या आजोबांचं. दुसरं एका नगरसेविकेच्या सासऱ्यांचं. चौथं दळवींच्या वडिलांचं. अर्धं सभागृह त्या पाटीचे नातेवाईक होते.

दळवींनी चष्मा काढून खिशात ठेवला. "महोदया, ज्येष्ठांचा मान राखणं ही आपली परंपरा आहे. माझा विरोध केवळ तांत्रिक होता. तो मी मागे घेतो."

"पण त्यांना बोलू द्या, असं तुम्हीच म्हणालात," ताई अगदी साध्या चेहऱ्यानं म्हणाल्या. "निदान चौथ्या नावापर्यंत ऐकू या?"

"मंजूर!" पहिल्या नावाचा नातू ओरडला. "मंजूर, मंजूर!" दोन्ही बाजूंची बाकं एका सुरात वाजायला लागली. ताई निवडून आल्यापासून त्या सभागृहात दोन्ही बाजू कशावर एक झाल्या असतील तर त्या फक्त त्या दिवशी. मी इतिवृत्तात लिहिलं: 'सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.' ते वाक्य आजही त्या वहीत असेल, वाळवी लागली नसेल तर.

आप्पा मात्र खट्टू झाले. व्हरांड्यात मला म्हणाले, "पयल्याचं तरी सांगू द्यायचं. लई मजेची हाय."

पुढच्या आठवड्यात पेंटर आला. ताईंच्या नावाखाली जागा उरली होती, पण आप्पांचं नाव कालक्रमानं वर बसायला हवं. दोन नावांच्या मधे बोटभर फट. पेंटरनं श्वास रोखून बारीक अक्षरांत लिहिलं: ध. आ. शेलार (११ दिवस). आप्पा सगळं घर टेंपोत घालून बघायला आले. सून, नातवंडं, दोन व्याही. आप्पांनी पाटीजवळ जाऊन वरपासून खालपर्यंत सगळी नावं वाचली, आपल्या नावावर थांबले आणि पेंटरला म्हणाले, "अकरा जरा ठळक करा."

मग लोंढा सुरू झाला. कुणाचे वडील चार दिवस प्रभारी, अध्यक्ष काशीला गेले म्हणून. कुणाचे काका सव्वा दिवस. एक जण आजोबांचा दावा घेऊन आला, ते एक अख्खी दुपार अध्यक्ष होते म्हणे.

"दुपारी काय काम केलं त्यांनी?" ताईंनी विचारलं.

तो माणूस प्रामाणिक होता. "जेवून झोपले असतील."

ताईंनी सगळ्यांना एकच अट घातली: सहीचा कागद आणा, मग तो सभेत वाचू. सभेत वाचायचं म्हटल्यावर बहुतेकांना घरी कागदच सापडले नाहीत.

पुढच्या सोमवारी साडेदहाला मी सवयीनं दाराकडे बघितलं. आप्पा आले नाहीत. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. मनातून हायसं वाटायला हवं होतं, पण तिसऱ्या सोमवारी मला राहवेना. मी जेवणाच्या सुट्टीत गावठाणात गेलो, मनात नाही नाही ते येत होतं.

आप्पांच्या ओट्यावर पंधरावीस माणसं बसली होती. जवळ गेलो तर आप्पा मधोमध, ठणठणीत, समोर मतदार याद्या.

"या, गायकवाड! पाटी बघून लोक म्हनाय लागले, आप्पा, आता पालिकेला उभं ऱ्हावा. इलेक्शन काय, येतंच चार-पाच वर्सांत. बोला, काय वाटतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. जिभेवर जुनं औषध आलंच होतं: बघू, करू, वर विचारतो. मी ते गिळलं.

"आप्पा, खरं सांगू? पडाल."

आप्पा काठी जमिनीवर आपटून हसायला लागले.

"आत्ता खरं बोललास, बाबा! पडू की. पर उभं राहिल्याबिगर पडता येतंय का?"

पुढच्या निवडणुकीला आप्पा खरंच उभे राहिले, दारोदार फिरले, दळवींच्या घरीही मत मागून आले, आणि सडकून पडले. माझं मत त्यांच्या गावातच नव्हतं. असतं तर कुणाला दिलं असतं, हे नोकरीत असताना बोलायची सोय नव्हती. आता निवृत्त झालोय, सांगतो. आप्पांनाच.